औषधाचें ऋण

प्रतिजैविक औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंविषयीं आपल्याकडे जें कांहीं बोललें व लिहिलें जातें त्याचा सूर बहुधा उपदेशाचा असतो. गोळ्या मध्येंच सोडूं नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून औषध घेऊं नका, हा तो उपदेश होय. तो वाईट हेतूनें केलेला नाहीं. परंतु त्याच्या पोटांत एक नैतिक निवाडा दडलेला आहे, व त्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं असें मला वाटतें. निवाडा असा कीं, या संकटाला कोणी तरी अपराधी आहे, आणि तो बहुतकरून अडाणी, उतावळा व गरीब रोगी आहे. कल्याणच्या पुढें भातसा नदीच्या कांठीं वसलेल्या खडवलीचेंच उदाहरण घ्या. येथील मनुष्य पहांटे कसाऱ्याकडून येणारी गाडी पकडून ठाण्यामुंबईस कामाला जातो व रात्रीं परततो. त्याला ताप आला तर एका दिवसाची मजुरी बुडते. डॉक्टरची फी देऊन पुरें औषध घ्यावें तर दुसऱ्या दिवसाचीहि गेल्यासारखीच. मग तो दुकानांतून दोन दिवसांच्या गोळ्या मागून घेतो, ताप उतरतांच त्या बंद करतो आणि तिसऱ्या दिवशीं पुन्हां गाडींत उभा असतो. या मनुष्याला आपण अपराधी म्हणावें काय? आणि त्याला म्हणावयाचें नसेल, तर मग कोणाला म्हणावें?

या प्रश्नाचा विचार करावयाचा तर प्रत्यक्ष घडतें काय हें आधीं पाहिलें पाहिजे. पेनिसिलिनच्या रेणूंत चार अणूंचें एक लहानसें कडें असतें. त्याला बीटा-लॅक्टम असें नांव आहे. हें कडें ताणलेल्या धनुष्यासारखें असून सुटण्यास जणूं अधीर असतें. जीवाणु आपल्या पेशीभोवतीं जी भिंत उभारतो ती विणण्याचें काम कांहीं प्रथिनें करीत असतात. पेनिसिलिन त्या प्रथिनांच्या हातांत खऱ्या धाग्याच्या वेषांत शिरतें, तेथें तें कडें उघडतें, आणि औषध त्यांना असें चिकटून बसतें कीं त्यांना पुढें काम करतांच येत नाहीं. भिंत अपुरी राहते व वाढीस लागलेला जीवाणु आंतल्या दाबानें फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत मुळींच नसल्यामुळें आपण सुरक्षित राहतों. कांहीं जणांना या औषधाचें वावडें असतें, ती गोष्ट निराळी. आतां कित्येक जीवाणु एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. तें पाण्याच्या एका रेणूच्या साह्यानें तेंच कडें आधींच फोडून टाकतें. बाण सुटण्यापूर्वींच कोणी दोरी कापावी, तशांतला हा प्रकार. शिवाय एक रेणु निकामी केल्यावर विकर स्वतः शाबूत राहतें व पुढच्या रेणूकडे वळतें. या विकरांना बीटा-लॅक्टमेझ म्हणतात, आणि त्यांचे आज हजारों प्रकार नोंदले गेले आहेत.

अशा विकराची पहिली वार्ता ऑक्सफर्डमधील अब्राहम व चेन या शास्त्रज्ञांनीं १९४० च्या डिसेंबरांत 'नेचर' या नियतकालिकांत दिली. या तारखेकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. रोग बरा करण्याच्या हेतूनें पेनिसिलिन प्रथम टोचलें गेलें तें १९४१ च्या फेब्रुवारींत, त्याच ऑक्सफर्डमधील एका पोलीस शिपायाला. तो सुधारूं लागला; परंतु औषधाचा सांठा इतका तुटपुंजा होता कीं, त्याच्या लघवींतून तें पुन्हां गाळून काढून त्यालाच देण्याची पाळी आली, आणि तेंहि संपल्यावर मार्च महिन्यांत तो मरण पावला. म्हणजे औषधाचा पहिला रोगी बिछान्यावर पडण्यापूर्वीं औषधाचा वैरी ओळखला गेला होता. ज्या जंतूंत तो सांपडला त्यांना कोणा अडाणी रोग्यानें अर्धवट औषध पाजलें नव्हतें. पुढें २०११ सालीं कॅनडाच्या युकॉन प्रदेशांत तीस हजार वर्षें गोठून राहिलेल्या मातींतहि अशाच विकरांचीं जनुकें आढळलीं. यांत नवल मानण्याचें कारण नाहीं. पेनिसिलिन ही मुळांत एका बुरशीची निर्मिति आहे, व बुरशी आणि जीवाणु यांचा मातींतील झगडा मनुष्यजातीहून पुष्कळच जुना आहे. आपण त्या झगड्यांतलें एक शस्त्र उचलून आणलें. त्याची ढाल तेथें अगोदरच घडलेली होती.

तर मग आपण केलें काय? आपण पाखडलें. सुपांत धान्य घेऊन पाखडलें म्हणजे हलकें तें उडून जातें व जड तें मागें राहतें. सूप कोणत्याहि दाण्याला जड होण्यास शिकवीत नाहीं. औषधाचेंहि तसेंच आहे. ज्या जंतूंपाशीं विकर नाहीं ते मरतात, ज्यांच्यापाशीं आहे ते उरतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेंत त्यांची प्रजा वाढते. अलेक्झांडर फ्लेमिंग यानें १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या व्याख्यानांत एक कल्पित गोष्ट सांगितली होती. कोणा गृहस्थाचा घसा दुखतो. तो दुकानांतून पेनिसिलिन आणतो, पुरेसें घेत नाहीं, आणि त्यामुळें जंतु मरण्याऐवजीं प्रतिकार करावयास शिकतात. पुढें ते त्याच्या पत्नीच्या छातींत शिरतात, औषध चालत नाहीं व ती मरते. पत्नीच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न करून फ्लेमिंगनें उत्तर त्या नवऱ्याकडेच बोट दाखवून दिलें. आपल्या उपदेशांतील अपराधी येथें प्रथम जन्मास आला असें म्हणावयास हरकत नाहीं. भाकित म्हणून ही गोष्ट मोठी दूरदर्शी होती. नीतिकथा म्हणून मात्र ती मला पटत नाहीं. घसा धरणारा नेहमींचा स्ट्रेप्टोकोकस आज ऐंशीं वर्षांनंतरहि पेनिसिलिनला वश आहे. उलट, गळवांत व जखमांत राहणारा स्टॅफिलोकोकस विकराच्या बळावर इतक्या लवकर निसटला कीं, १९४८ च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत तपासलेल्या अशा जंतूंपैकीं निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. तेथें औषध देणारे निष्काळजी गृहस्थ नव्हते, शिकलेसवरलेले डॉक्टर होते.

मात्रा पुरी करण्याच्या नियमाचीहि गोष्ट अशीच गुंतागुंतीची निघाली. २०१७ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें कांहीं तज्ज्ञांनीं असें मांडलें कीं, बहुतेक साध्या संसर्गांत ठरलेले दिवस संपेपर्यंत औषध घेतल्यानें प्रतिकार टळतो याला आधार तोकडा आहे. किंबहुना औषध जितके अधिक दिवस घ्यावें तितकी पाखडणी अधिक होते. कारण औषध केवळ रोगाच्या जंतूवर पडत नाहीं. आपल्या आंतड्यांत, त्वचेवर, घशांत असंख्य निरुपद्रवी जंतु वस्ती करून आहेत, व त्यांनाहि तें सूप लागूं होतें. या निरुपद्रवी वस्तींत उरलेलें जनुक पुढें एका जंतूपासून दुसऱ्या जातीच्या जंतूला देतां येतें. प्लास्मिड नांवाच्या लहान, सुट्या जनुकवलयांवर बसून तें घरोघर जातें. (क्षयरोगाची गोष्ट वेगळी आहे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तेथें औषधें मध्येंच सोडणें खरोखरच घातक असतें, आणि इतर रोगांतहि किती दिवस घ्यावें हें डॉक्टरनेंच ठरवावें.) तेव्हां खडवलीच्या त्या मनुष्यानें दोन दिवसांत गोळ्या थांबविल्या आणि माझ्यासारख्या सुशिक्षितानें सांगितल्याप्रमाणें सात दिवस घेतल्या, तर या दोघांत समाजाचें अधिक नुकसान कोणीं केलें हें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. अगदीं आवश्यक, अचूक, निर्दोष उपचारहि कांहीं तरी मागें ठेवून जातो. ज्या कृत्याचा दुष्परिणाम तें कृत्य योग्य असतांहि टळत नाहीं, त्याला अपराध हा शब्द लावणें म्हणजे भाषेचा दुरुपयोग आहे.

मग औषधच वर्ज्य मानावें काय? असें म्हणणाऱ्यानें १९४४ सालचें पुणें आठवावें. आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा त्या वर्षींच्या फेब्रुवारींत न्यूमोनियानें व हृदयाच्या विकारानें मरणोन्मुख झाल्या होत्या. पेनिसिलिन तेव्हां देशांत अत्यंत दुर्मिळ. तें विमानानें आणविण्यांत आलें. पुत्र देवदास यांचा तें द्यावें असा आग्रह होता. दर कांहीं तासांनीं सुई टोचावी लागेल हें कळल्यावर गांधीजींनीं, शेवटच्या घटकेस हा त्रास कशासाठीं, असें म्हणून त्यांना परावृत्त केलें. २२ फेब्रुवारी रोजीं बा गेल्या. औषधानें त्या वांचल्या असत्या असें मानण्यास फारशी जागा नाहीं, आणि पित्याचें बरोबर कीं पुत्राचें, हा प्रश्न येथें मी उकरूं इच्छीत नाहीं. मला दिसतें तें इतकेंच कीं, देशांतील एका सर्वपरिचित स्त्रीसाठीं ज्याचे चार डोस विमानानें आणावे लागत, तें औषध अवघ्या अकरा वर्षांनीं त्याच पुण्याच्या शेजारीं मोठमोठ्या टांक्यांतून तयार होऊं लागलें. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं त्याला साह्य केलें. बाळंतपणांतला ज्वर, न्यूमोनिया, चिघळलेली जखम यांनीं मरणें हें ज्या पिढीला नित्याचें होतें तिला हा कारखाना म्हणजे काय वाटलें असेल, याची आज कल्पना करणें कठिण आहे. हा लाभ झाला याबद्दल खंत करणें कृतघ्नपणाचें होईल. लाभ निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्याच्या किंमतीचा, आणि ती किंमत कोणाच्या खात्यावर पडते याचा.

अपराधी शोधण्याची संवय व्यक्तीपुरती राहत नाहीं, राष्ट्रांनाहि ती जडते. २००८ च्या आरंभीं स्वीडनमध्यें भारतीय वंशाच्या एका रोग्याच्या लघवींतील जंतूंत एक नवें विकर सांपडलें. तो गृहस्थ त्यापूर्वीं नवी दिल्लींत रुग्णालयांत राहून आला होता. जस्ताच्या अणूंवर चालणारें हें विकर कार्बापेनेम नांवाचीं राखीव औषधेंहि फोडूं शकत होतें. म्हणजे इतर सर्व उपाय थकल्यावर डॉक्टर ज्या कपाटाकडे वळत, त्याचेंच कुलूप निघालें. २००९ सालीं त्याला 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ' असें नांव देण्यांत आलें. २०१० च्या ऑगस्टांत 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक मासिकांत त्याच्या प्रसारासंबंधीं निबंध प्रसिद्ध झाला तेव्हां आपल्याकडे संतापाची लाट उसळली. सरकारनें नांवाला हरकत घेतली, आणि परदेशीं रोग्यांनीं भारतांत येऊं नये म्हणून हा कट आहे, असेंहि बोललें गेलें. शहराचें नांव विकराला देण्याची ही कांहीं पहिली वेळ नव्हती. इटलींतील व्हेरोना शहराच्या नांवाचें असेंच एक विकर त्यापूर्वींच नोंदलें गेलें होतें. तरी हरकत सर्वस्वीं गैर होती असें मी म्हणणार नाहीं. एका राजधानीच्या कपाळीं रोगाचा टिळा लावण्यांत औचित्य नव्हतें. परंतु नांवाच्या भांडणांत वस्तु विसरली गेली. कारण परदेशी निबंधाच्या पांच महिने आधीं, मार्च २०१० मध्यें, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टरांनींच आपल्या देशांतील वैद्यकीय नियतकालिकांत हीच गोष्ट सांगितली होती. तीन महिन्यांत त्यांना कार्बापेनेमला न जुमानणारे चोवीस नमुने मिळाले, व त्यांपैकीं बावीसांत हें विकर होतें. घरच्या माणसानें हळू आवाजांत सांगितलें तेव्हां कोणीं मान वर केली नाहीं. शेजाऱ्यानें मोठ्यानें सांगितलें तेव्हां त्याच्या आवाजाबद्दल तक्रार झाली.

२०११ सालीं दिल्लींतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. नळाच्या पन्नास नमुन्यांपैकीं दोनांत आणि रस्त्यांत व गल्ल्यांत सांचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकीं ५१ मध्यें या विकराचें जनुक मिळालें. त्या डबक्यांशेजारीं राहणाऱ्यांनीं कार्बापेनेमचें नांवहि ऐकलेलें नसेल. तें औषध महाग, शिरेंतून देण्याचें, मोठ्या रुग्णालयांत वापरण्याचें. वापरणारे एक, आणि उरलेलें ज्यांच्या दारांत सांचलें ते दुसरे.

येथें अपराधाची भाषा अपुरी पडते हें मला जाणवूं लागलें, आणि आपल्या परंपरेंतील दुसरा एक शब्द आठवला. तो शब्द ऋण. अपराधाला कर्ता लागतो, त्याचा हेतु लागतो, निदान त्याची हेळसांड तरी दाखवावी लागते. ऋणाला यांपैकीं कशाचीच गरज नाहीं. कांहीं घेतलें असलें म्हणजे पुरे. आपल्या पूर्वजांनीं देवऋण, ऋषिऋण व पितृऋण मानलें. शतपथ ब्राह्मणानें त्यांत मनुष्यांचें चौथें ऋण सांगितलें आहे. जन्मास येणें हा कांहीं कोणाचा दोष नव्हे, तरी जन्मतांच मनुष्य ऋणी होतो, ही कल्पना इंग्रजी नीतिशास्त्र वाचून तयार झालेल्या आमच्या पिढीला प्रथम चमत्कारिक वाटे. दोष नसतां देणें कसें लागेल, असें आम्ही विचारीत असूं. पण प्रतिजैविकांच्या बाबतींत नेमकें हेंच खरें आहे. माझ्या न्यूमोनियावर जें औषध लागूं पडतें तें माझ्यापूर्वींच्या हजारोंनीं त्याचें बळ पुरतें संपविलें नाहीं म्हणून. आणि मीं तें घेतलें कीं माझ्यानंतर येणाऱ्या कोणाच्या तरी वांट्याचा एक अंश कमी होतो. तो कोण, हें मला कधींहि कळणार नाहीं. तो माझा नातू असेल किंवा मोझांबिकांतील एखादी बाळंतीण असेल. मी निर्दोष आहें, आणि मी देणेंकरी आहें. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत.

यावर एक आक्षेप संभवतो व तो वजनदार आहे. ऋणाची ही कल्पना सर्वांवर सारखी लादली तर पुन्हां गरीबच भरडला जाईल. ज्यानें कर्ज घेतलेंच नाहीं त्याच्याकडे आपण हप्ता मागूं. हा आक्षेप मला मान्य आहे, किंबहुना ऋणाच्या कल्पनेंतूनच तो निघतो. भारतासह आठ देशांविषयींच्या एका पाहणीप्रमाणें, कार्बापेनेमला न जुमानणारा गंभीर संसर्ग झालेल्यांपैकीं २०१९ सालीं अवघ्या सुमारें सात टक्के रोग्यांना योग्य औषध मिळालें. म्हणजे ज्या देशांत औषधांची उधळपट्टी झाली म्हणून ओरड आहे, त्याच देशांत औषध न मिळाल्यानेंहि माणसें मरतात. ऋण घेतल्याच्या मानानें असतें. खडवलीच्या मनुष्याचें दोन दिवसांच्या गोळ्यांचें देणें लहान. सर्दीपडशाला दरवेळीं भारी औषध मागणाऱ्या सुस्थित कुटुंबाचें त्याहून मोठें. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यांत औषध मिसळणाऱ्या धंद्याचें तर फारच मोठें. मरणाच्या दारांतील रोग्यासाठीं राखलेलें कोलिस्टिन हें औषध खाद्यपशूंना व कोंबड्यांना देण्यावर भारत सरकारनें बंदी घातली ती २०१९ सालीं. तोंवर तें कायदेशीर होतें. बाजारांत विकल्या जाणाऱ्या कोंबडीच्या स्वस्ताईंत कोणाच्या तरी आयुष्याचा हिस्सा जमा झाला असेल, हें कोणत्याहि बिलांत दिसत नाहीं.

देणें फेडावयाचें कसें? औषध न घेणें ही त्याची एकच रीत नव्हे, व उत्तम रीत तर नव्हेच. ज्याला औषधाची गरजच पडली नाहीं त्यानें कर्जच काढलें नाहीं. या दृष्टीनें आमच्या ठाणें जिल्ह्यांतील एका गोष्टीचा जितका गाजावाजा व्हावयास हवा होता तितका झाला नाहीं. नवी मुंबई महानगरपालिकेनें २०१८ सालीं विषमज्वरावरील नव्या संयुग्म लशीची मोहीम काढली, व पहिल्या टप्प्यांत एक लाखाहून अधिक मुलांना ती टोचली. सरकारी पातळीवर ही लस वापरणारी ती जगांतील पहिली मोहीम होय. त्याच्या दोनच वर्षें आधीं पाकिस्तानांतील सिंध प्रांतांत विषमज्वराचा असा जंतु पसरूं लागला होता कीं ज्यानें एका बीटा-लॅक्टमेझच्या जोरावर सेफ्ट्रिॲक्सोन निकामी केलें होतें. लस घेतलेलें प्रत्येक मूल औषधाचा एकेक वापर वांचवितें, हा हिशेब त्याच्या आईला ठाऊक नसेल; तिनें देणें फेडलें आहे. सांडपाण्याचीहि गोष्ट तीच. भातसेचें पाणी खडवलीवरून खालीं जातें, आणि पुढें पिसे येथील बंधाऱ्यापाशीं तें मुंबईच्या पिण्यासाठीं उचललें जातें. सुट्टीच्या दिवशीं खडवलीच्या पात्रांत डुंबणारा आणि मुंबईच्या नळाशीं पेला धरणारा यांची गांठ कधीं पडत नाहीं. वरच्यानें खालच्याचा विचार करावा, हा पाणवठ्याचा नियम आपल्या गांवांना कोणीं शिकवावा लागला नव्हता. पण नदीच्या वरच्या अंगाला शौचकूप व मैलापाणी शुद्ध करण्याची सोय बांधण्याचा खर्च ग्रामस्थांनींच सोसावा आणि पाणी पिणाऱ्या शहरानें सोसूं नये, हा न्याय मला समजत नाहीं.

सरकारनें कायदेहि केले आहेत. २०१४ च्या मार्चपासून एच-१ या परिशिष्टांतील औषधें विकणाऱ्या दुकानदाराला रोग्याचें व डॉक्टरचें नांव वहींत टिपून ती वही तीन वर्षें जपावी लागते. वही असावी, परंतु वही ही पुन्हां अपराध्याचाच माग काढणारी आहे. ऋणाचा हिशेब ठेवणारी वही निराळी, आणि बाजाराला ती अद्याप ठेवतां आलेली नाहीं. अमेरिकेंतील अकाओजेन नांवाच्या कंपनीनें बऱ्याच वर्षांच्या खटपटीनें एक नवें प्रतिजैविक तयार केलें; २०१८ च्या जूनमध्यें त्याला परवानगी मिळाली, आणि २०१९ च्या एप्रिलांत कंपनीनें दिवाळें काढलें. औषध वाईट होतें म्हणून नव्हे. चांगलें नवें प्रतिजैविक शहाणा डॉक्टर शक्यतों कपाटांतच ठेवतो, आणि कपाटांत ठेवलेल्या मालावर कंपनी जगत नाहीं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनें २०२२ पासून अशा दोन औषधांसाठीं वेगळा करार केला. औषध किती खपलें याकडे न पाहतां कंपनीला दरसाल ठराविक रक्कम द्यावयाची, मग वर्षभरांत त्याच्या दहा बाटल्या लागोत वा हजार. न वापरलेल्या औषधाचे पैसे मोजणें आपल्या हिशेबी मनाला वेडेपणाचें वाटेल. पण आगीच्या बंबासाठीं आपल्या नगरपालिका नेमकें हेंच करीत आल्या आहेत. आपल्याकडे असा करार करावयाचा तर त्याची पहिली अट माझ्या मतें ही असावी कीं, कपाटांत राखून ठेवलेलें तें औषध वेळ आली म्हणजे कल्याणच्या सरकारी इस्पितळांतील खाटेवरहि निघावें, आणि त्याची किंमत खाटेवरच्या मनुष्याला विचारली जाऊं नये.